रितपूरला गेलेल्या

माझ्या आजीच्या गोष्टींत घर सोडून गेलेल्या बायका तीन प्रकारच्या असत. विहिरीत गेलेल्या, कुणाबरोबर तरी गेलेल्या आणि रितपूरला गेलेल्या. पहिल्या दोघींची नावं ती पोरांसमोर घेत नसे. तिसरीचं मात्र घेई, कपाळाला हात लावून घेई, आणि लगेच पुटपुटे, "गेली बाई, सुटली." त्या पुटपुटण्यात आदर होता, पण थोडी कुरकुरही होती. आपण राहिलो आणि ती सुटली, अशी.

सौंसरच्या माणसाला रितपूर कुठे आहे हे नकाशावर दाखवावं लागत नाही. पांढुर्ण्यावरून वरुड, वरुडवरून मोर्शी आणि मोर्शी तालुक्यातलंच रिद्धपूर. जुन्या तोंडांत ते नेहमी रितपूर. मधे राज्याची सीमा आहे, पण ती अलीकडची. आजीच्या तरुणपणी सगळाच मध्य प्रांत-वऱ्हाड, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा तालुका छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. शाळा हिंदी झाली, घरातली भांडणं मराठीतच राहिली. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा कागदांवरचं नाव पुन्हा बदललं. आजीच्या गोष्टींना या कशाचाच पत्ता नव्हता. तिच्या लेखी उत्तरेला पहाड, दक्षिणेला नागपूर आणि मावळतीला रितपूर.

आमच्या घरातून रितपूरला गेल्या त्या आत्याबाई. आजोबांची थोरली बहीण, आजीची नणंद. लहानपणी लग्न झालं आणि 1918 च्या मानमोडीत नवरा गेला. इन्फ्ल्युएंझाच्या त्या साथीला आमच्याकडे मानमोडीच म्हणत, आणि सबंध हिंदुस्थानात तिचा सर्वांत मोठा तडाखा ज्या प्रांतांना बसला त्यांत आमचा मध्य प्रांत होता. आजी सांगे, जाळायला लाकूड पुरेना म्हणून लोकांनी माणसं कन्हानच्या रेतीत पुरली. आजी तेव्हा या घरात आलेली नव्हती. तिने हे सासूकडून ऐकलं होतं, आणि सासूचं दुःख तिने वर्षानुवर्षं सांगून सांगून स्वतःचं करून टाकलं होतं.

इथे पुण्या-मुंबईच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. विधवा म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे आलवण नेसलेली, केशवपन केलेली बाई उभी राहते. ते ब्राह्मणांच्या घरातलं. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा केवढा गहजब झाला, पण आमच्या कुणब्यांत विधवेचा पाट पिढ्यान्‌पिढ्या लागत आला होता. रात्री लागायचा, सवाष्णींनी तोंड चुकवायचं, वाजंत्री नाही, पण लागायचा. सुधारकांना जे मिळवायचं होतं ते आमच्याकडे आधीपासूनच होतं असं मिरवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी आत्याबाईंची गोष्ट ऐकायला हवी. पाट कुणाशी, हे ठरवायचे पुरुष. बहुतेक वेळा दिराशी, नाहीतर दोन बायका वारलेल्या कुण्या बिजवराशी. आत्याबाईंसाठी असा एक बिजवर ठरला. लोधीखेड्याकडचा, बैलजोड्या बाळगणारा. आत्याबाई म्हणाल्या, "मले पाट नाई लावायचा."

एवढंच. कारण विचारलं तर सांगितलं नाही. ब्राह्मणाच्या विधवेला लग्न करायची परवानगी नव्हती आणि आमच्या आत्याबाईंना लग्न न करायची नव्हती. नाही म्हणणारी बाई राहणार कुठे? भावाच्या घरात राहिली तर ती घराच्या नाकावरचा डाग, आणि त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे शेतात राबणारे फुकटचे दोन हात. मग भावजया तिला हलूही देत नाहीत. घरात अबोला धरला गेला. कुणी दम दिला, कुणी अंगारा आणला. आजीच्या सासूबाईंनी जामसावळीच्या मारुतीला शनिवार धरले. पिंपळाखाली निजलेला तो मारुती आमच्या मुलखात कुणालाही पावतो. आत्याबाईंनी प्रसाद घेतला नाही, तेव्हा घराला पहिला संशय आला.

कारण प्रसाद न घेणं ही महानुभाव पंथाची खूण. शेजारच्या गावात एक वासनिक कुटुंब होतं. वासनिक म्हणजे संन्यास न घेतलेले, घरसंसारात राहून पंथ पाळणारे लोक. त्यांच्याकडे चातुर्मासाआधी काळ्या वस्त्रांतल्या बायका यायच्या, झोळी घेऊन, चार-पाचजणी मिळून. भेटल्यावर "दंडवत प्रणाम" म्हणायच्या. पाच कृष्ण सोडून दुसऱ्या कुठल्याच देवाला नमस्कार करायच्या नाहीत, आणि गावात याचाच राग जास्त. कापूस वेचायला जाता-येता आत्याबाई त्यांच्याजवळ बसायला लागल्या. एके दिवशी त्या वेचणीवरून परत आल्या नाहीत. घरच्यांनी आधी विहिरी पाहिल्या. मग निरोप आला, की बाई अनुसरली.

हा शब्द आजीने मला शिकवला. महानुभावांत संन्यास "घेत" नाहीत, माणूस अनुसरतो. भाऊ आणायला गेला होता, बैलगाडीने. तिथे काय झालं, याच्या दोन तऱ्हा घरात सांगतात. मोठीमाय, म्हणजे माझी थोरली काकू, म्हणायची, आत्याबाई बाहेरच आल्या नाहीत. आजी म्हणायची, आल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या, भावाला म्हणाल्या, "दादा, आता मी तुझी बहीण नाई. जेवून जा." मला आजीची तऱ्हा खरी वाटते, निव्वळ त्या "जेवून जा"साठी. ते बनवून सांगावं इतकी आजी हुशार नव्हती.

पुढे नागपूरला कॉलेजात मराठी घेतलं आणि अभ्यासक्रमात लीळाचरित्र आलं. सौंसर-पांढुर्ण्याच्या पोरांना पदवीसाठी नागपूर जवळ, घरून निघताना तेव्हा छोट्या लाईनची गाडी असे, दमत-दमत इतवारीला सोडणारी. पुस्तक उघडलं आणि आजीचं रितपूर पानोपानी. गुजरातेतून आलेले, पंथाचे मूळपुरुष चक्रधरस्वामी, त्यांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपूरला राहणारे, आणि स्वामींभोवती बायकाच बायका. बाइसा, महदाइसा, आबाइसा, साधें. देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तो तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्याही माणसं गाठून, विचारून, कुणी काय पाहिलं ते नोंदवून. त्या आठवणींत बायका प्रश्न विचारतात, रुसतात, खायला करतात, स्वामींशी वाद घालतात. महदाइसेच्या प्रश्नांचं तर स्वामींना कौतुक. नऊशे-हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्या धर्मग्रंथात बायका इतक्या बोलतात, असं आमच्या सरांनी एकदा विचारलं होतं. आकडा त्यांनी थोडा ताणला होता, पण प्रश्न रास्त होता.

लीळाचरित्रात विटाळाचा एक प्रसंग आहे. शरीरातून इतर मळ बाहेर येतात तसाच हाही, त्याचा विटाळ कसला, असं स्वामी समजावतात. सुटीत घरी आल्यावर मी हे आजीला वाचून दाखवलं. आजी आयुष्यभर महिन्याचे दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत बसली होती. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "हे तिले तवाच सांगतलं असन. म्हनून परत नाई आली."

महदाइसा स्वतः बालविधवा होती, अशीच परंपरा आहे. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात ते धवळ्यांसाठी. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. ती तिने रिद्धपुरात, गोविंदप्रभूंपुढे रचली, आणि विषय रुक्मिणीचं स्वयंवर. संसार सोडलेल्या विधवेने लग्नाची गाणी का रचावीत, यावर विद्वानांनी बरंच लिहिलं आहे. मला त्यात आत्याबाई दिसतात. रुक्मिणीसाठी भावाने शिशुपाल ठरवला होता आणि ती नाही म्हणाली. पाट नाकारलेल्या बाईला ती गोष्ट गाताना काय वाटत असेल, हे समजायला भाष्य लागत नाही.

महदाइसेच्या पिढीतल्याच बायकांमुळे आणखी एक घडलं. स्वामी गेल्यावर नागदेवाचार्यांनी पंथ सांभाळला. शिष्यांत संस्कृतचे गाढे पंडित होते आणि त्यांना ग्रंथ संस्कृतात लिहायचे होते. नागदेवांनी अडवलं. स्वामींनी मराठीत सांगितलं, ते संस्कृतात गेलं तर माझ्या या म्हाताऱ्यांनी कुठे जायचं, असा त्यांचा मुद्दा होता. मराठी गद्याचा एवढा मोठा ठेवा उभा राहिला त्यामागे न शिकलेल्या संन्यासिनींची ही अडचण आहे. 2024 मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. तिथल्या एखाद्या इमारतीला कुण्या म्हातारीचं नाव दिलं तर वावगं होणार नाही.

आता मठातलं रोजचं जगणं. आजीला ते ऐकीव माहीत होतं, मला पुढे पाहून. तुलनेला जुन्या गोव्यातला सांता मोनिका घ्या. 1606 मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांनी स्थापन केलेला तो ननांचा मठ, भिंती किल्ल्यासारख्या. आत गेलेली नन बाहेर येत नसे. महानुभावांचा प्रकार नेमका उलटा. मूळ आचार भटकण्याचा: एका जागी रुजायचं नाही, भिक्षा मागून खायची, झाडाखाली असायचं, आणि आपला देश, आपलं गाव, त्याहूनही आपले नातेवाईक यांचा संबंध तोडायचा. पुढे आश्रम झाले, महंत झाले, जमिनी आल्या, तरी अटन राहिलं. रिद्धपुरात जिथे जिथे स्वामी किंवा प्रभू बसले, उठले, जेवले तिथे ओटा बांधलेला आहे, आणि तपस्विनी ओट्यामागून ओट्याला दंडवत घालत जातात. बाकी वेळ पूजा-अवसर, नामस्मरण, पोथी, भिक्षेला जाणं, नव्या आलेल्यांना पाठांतर देणं. कंटाळवाणं वाटतं? आजीलाही वाटलं होतं. मग तिने आपला दिवस मोजून पाहिला: दळण, पाणी, शेण, भाकरी, वेचणी, भाकरी, आणि रात्री आजोबांचे पाय. तिने तुलना पुढे नेली नाही.

नातेवाइकांचा संबंध तोडायच्या नियमामुळे आत्याबाईंचं पत्र कधी आलं नाही. पण पुष्कळ वर्षांनी, माझे वडील शाळेत होते तेव्हा, रितपूरच्या दुसऱ्याच एक तपस्विनी सौंसरला आल्या. पंक्तीला बसल्यावर त्यांनी सहज सांगितलं की तुमच्या बाई सकाळी पोथी वाचतात आणि सगळ्या ऐकतात. घर थक्क झालं. आमच्याकडे तोवर अक्षर ओळखणारा मोठा माणूस म्हणजे पटवारी. आत्याबाई गेल्या तेव्हा अंगठाबहाद्दर होत्या. वडील म्हणत, त्या दिवसानंतर आजोबांनी आपल्या मुलींची शाळा सोडवली नाही. याचं श्रेय ते शासनाला देत नसत, रितपूरला देत.

पण या गोष्टींना दुसरी बाजू आहे आणि ती गाळली तर ललितलेख होईल, इतिहास होणार नाही. सगळ्याच जणी नाही म्हणून गेल्या नव्हत्या. ज्या घरात मूल जगत नसे तिथे नवस बोलत: हे जगलं तर मार्गाला देईन. मूल जगे आणि पाच-सात वर्षांची पोर काळ्या फडक्यात गुंडाळून दिली जाई. तिला कुणी विचारलं? आजी अशा एका पोरीची गोष्ट सांगे, ती रात्री आईला हाक मारी म्हणून. शिवाय गावाच्या जिभा. एका आश्रमात बाया-पुरुष दोघेही संन्यासी, वेगळे राहिले तरी एका मार्गाचे. लोकांनी त्यावर काय-काय रचलं ते लिहिण्यासारखं नाही. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे खंड 1916 मध्ये निघाले, त्यांत मानभावांवर, म्हणजे महानुभावांवर, प्रकरण आहे. सरकारी कागदही गावच्या पारावरचं ऐकूनच भरतात. शतकानुशतके असा संशय सोसणाऱ्या या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्यांमुळे ते बाहेरच्यांना वाचता येऊ लागले, आणि पुढे नागपूरचे वि. भि. कोलते यांनी तर त्यात आयुष्य घातलं. महाराष्ट्राला आपलं जुनं गद्य सापडलं ते ज्या पेट्यांतून, त्या पेट्या वाहणाऱ्यांत आत्याबाईंसारख्या कितीतरी होत्या.

आईची गोष्ट वेगळी. तिचं माहेर वर्ध्याकडचं, आणि तिचे वडील, म्हणजे आमचे आबाजी, सर्वोदयवाले. खादी, टोपी, सूतकताई, सगळं. दरवर्षी 12 फेब्रुवारीला ते पवनारला सर्वोदय मेळ्याला जात. गांधीजींच्या अस्थी 1948 मध्ये त्याच दिवशी तिथे धाम नदीत सोडल्या होत्या. पोरीला खांद्यावर, मग बोटाला धरून, मग बरोबरीने नेत. नदीच्या टेकाडावर जमनालाल बजाजांच्या जुन्या बंगल्यात विनोबा 1938 मध्ये राहायला आले होते. तिथलं शेत खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्यांत भरत-राम भेटीचं शिल्प. ते अजून तिथे आहे.

25 मार्च 1959 ला विनोबांनी या जागी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, तेही स्वतः दूर पदयात्रेत असताना. तारीख त्यांनी मुद्दाम निवडली असणार. 1916 मध्ये याच दिवशी त्यांनी घर सोडलं होतं. ब्रह्मचारिणींचा आश्रम, चालवायचा बहिणींनीच. विनोबांचं म्हणणं थेट होतं. स्त्रियांनी आजवर भक्ती केली, सेवा केली, पण ब्रह्मविद्येची सूत्रं पुरुषांच्या हाती राहिली. शंकराचार्यांच्या तोडीची ज्ञानी आणि विरक्त बाई उभी राहील तेव्हा बायका खऱ्या सुटतील. आधी दुसऱ्याच्या आधाराला आलेल्या बायकांचे आश्रम पुष्कळ निघाले होते. इथे आधार द्यायचा नव्हता, काम सोपवायचं होतं. साकोरीला उपासनी महाराजांनी (1870–1941) कन्याकुमारी स्थानात मुलींना वेदपठण आणि यज्ञ शिकवले आणि पुढे गोदावरीमातांनी ते चालवलं. तिथे मध्यभागी गुरू होता. पवनारला विनोबांनी गुरूच्या जागी कुणाला बसवलं नाही, स्वतःलाही नाही. प्रमुख नाही. जे ठरायचं ते सर्वसंमतीने, एकीचाही विरोध असेल तर थांबायचं. स्वयंपाक पाळीने, झाडलोट पाळीने, बैलाशिवाय हाताने करायची ऋषिशेती, सकाळी ईशावास्य, साडेदहाला विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणं. काही भाऊही राहत, पण कारभार बहिणींचा. आसाम, ओडिशा, गुजरात, तमिळनाडू, कुठून कुठून आलेल्या.

माझी आई तेव्हा मॅट्रिकच्या आसपास. मेळ्याच्या गर्दीत तिने पांढऱ्या खादीतल्या, कुदळ हातात घेतलेल्या बहिणी पाहिल्या आणि आबाजींना म्हणाली, मी इथे राहते. आबाजी म्हणजे भूदानात दीड एकर देऊन बसलेले, विनोबांचं नाव घेतल्याशिवाय घास न घेणारे. ते घाबरले. पोरीला म्हणाले, आधी शिक्षण पुरं कर. शिक्षण पुरं व्हायच्या आत सौंसरचं स्थळ आणलं. आई हे सांगताना रागावत नाही, हसते. "बाबांनी जमीन देल्ली. मले नाई देल्लं."

लग्न करून आलेल्या आईला आजीने आत्याबाईंची गोष्ट सांगितली तेव्हा दोघींचं काहीतरी जुळलं असावं. सासू-सुनांचं एरवी ज्या कशावरून बिनसतं त्यावरून त्यांचं बिनसलंच, पण दर शनिवारी आजी मारुतीला निघाली की आई "मी नाई येत" म्हणे आणि आजी तिला ओढत नसे. नाही म्हणणाऱ्या बाईचा या घराने एकदा अनुभव घेतला होता. आईकडे मैत्री यायचं, पवनारचं हिंदी मासिक, पोस्टाने, कधी दोन महिन्यांचे अंक एकदम. आणीबाणीत, 1976 मध्ये, विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपवासाची घोषणा केली. ती मैत्रीत छापली गेली आणि पोलिसांनी पवनारला जाऊन अंक जप्त केले. देशभर मोठमोठी वर्तमानपत्रं गप्प बसली असताना सरकारला नदीकाठच्या चार ब्रह्मचारिणींचं मासिक झोंबावं! आईचा अंक त्या महिन्यात आला नाही. तिला त्याचा अभिमान होता.

15 नोव्हेंबर 1982 ला विनोबांनी पवनारला देह ठेवला. गुरू गेल्यावर असे आश्रम दोन वाटांनी जातात, एक तर गादीवरून भांडण, नाहीतर दुकान. पवनारचं यातलं काहीच झालं नाही, आणि मला वाटतं ते प्रमुख न नेमण्याच्या त्या हट्टामुळे. पण बहिणी म्हाताऱ्या होत गेल्या. ज्या विशीत आल्या होत्या त्या ऐंशीच्या झाल्या. कालिंदीताईंनी विनोबांच्या शब्दांतून त्यांचं चरित्र जुळवलं, ते अहिंसा की तलाश नावाने लोक वाचतात. पण पुस्तक वाचून कुदळ घ्यायला येणाऱ्या मुली विरळ. सांता मोनिकाला तर 1834 मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बंद केले, नवी नन घ्यायला मनाई झाली आणि आतल्या एकेक करून संपल्यावर मठ मिटला. पवनारला अशी कुठली बंदी नाही. दार उघडं आहे, बाहेरची गरज बदलली आहे.

कोणती गरज, ते आमच्या घरातच दिसतं. आत्याबाईंना पाट नको होता, तर जाण्यासारखी एकच जागा होती. आईच्या वेळी दोन झाल्या असत्या, पण आबाजी मधे आले. माझ्या पिढीत शिक्षिका होता आलं, नर्स होता आलं, नागपूरला वर्किंग वुमेन्स हॉस्टेल होतं. माझी पुतणी पुण्यात नोकरी करते, एकटी राहते, आणि लग्नाचा विषय निघाला की मोबाइल उचलून बाल्कनीत जाते. मोठीमाय परवा म्हणाली, "नवरा नाई पायजे त मंग रितपूरले जाते का?" पुतणी म्हणाली, "तिथे वायफाय आहे का?" सगळे हसले. मोठीमायने विचारलेलं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पूर्वी नाही म्हणण्यासाठी देव मधे घालावा लागे, आता पगार पुरतो. मग आता मठात जाईल ती फक्त देवासाठीच जाईल, आणि अशा किती असतात? मला विचाराल तर अशा नेहमीच थोड्या होत्या. मठ भरलेले असत ते दोन्ही प्रकारच्या बायका एकत्र राहिल्यामुळे, आणि कोण कशासाठी आली हे कुणी फारसं विचारत नसल्यामुळे. पाटाला नाही म्हणून आलेली बाई वीस वर्षांनी पोथी वाचते आणि सगळ्या ऐकतात. ती पोथीसाठी आली नव्हती, म्हणून तिचं वाचणं खोटं ठरत नाही.

थेरीगाथेतल्या भिक्खुणी असंच सांगतात, अडीच हजार वर्षांपूर्वी. एक उखळ-मुसळापासून आणि कुबड्या नवऱ्यापासून सुटल्याचा आनंद मोक्षाच्या आनंदातच मिसळून टाकते. आमच्याकडे बौद्ध वस्ती मोठी, 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर सौंसरकडूनही माणसं पायी गेली होती असं म्हातारे सांगतात. विहारात वर्षावासाला भंते येतात. भिक्खुणी क्वचित, आणि आली की बायका तिला भंतेंना न विचारलेलं सगळं विचारतात. जैनांच्या आर्यिका विहार करीत जातात तेव्हाही तेच. दर्शन पुरुष घेतात, गप्पा बायका मारतात. रिद्धपूरला आजही नव्या तपस्विनी अनुसरतात, त्यांत शिकलेल्या मुली आहेत. आता त्यांच्या हातात फोनही असतो. नातेवाइकांचा संबंध तोडायच्या सूत्राचं त्या काय करतात, हे मी एकीला विचारलं. ती म्हणाली, "आईचा फोन घेते. भावाचा नाही घेत, तो शेताच्या सहीचं विचारतो."

आत्याबाई कधी वारल्या ते घराला नंतर कळलं. महानुभावांत जाळत नाहीत, पुरतात, त्यामुळे अस्थी येण्याचाही प्रश्न नव्हता. घरात सुतक धरायचं की नाही यावर चर्चा झाली. आजोबांनी धरलं नाही, कारण ती आता आपली नाही, असं तिनेच सांगितलं होतं. आजीने मात्र दहा दिवस गोड केलं नाही, कुणाला न सांगता.

हे सगळं आता पुन्हा निघालं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती नागपूरच्या एका दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली, लग्न केलं नाही. तिच्यासारख्याच आणखी तिघी: एक बँकेतली, एक मास्तरीण, एक विधवा. चौघींनी मिळून एकाच इमारतीत एकाच मजल्यावर फ्लॅट घ्यायचं ठरवलं आहे. स्वयंपाक एका घरात, औषधांची पेटी एका घरात, जी पहिल्यांदा अंथरुणाला खिळेल तिच्याकडे बाई ठेवायची, खर्च चौघींत. मुख्य कुणी नको, यावर चौघींचं लगेच जमलं, कारण चौघीही आयुष्यभर कुणाच्या तरी हाताखाली होत्या. अडलं ते बाकी सगळ्यावर. देवघर हवं की नको, भाचे किती दिवस राहू शकतात, जी आधी जाईल तिचा फ्लॅट कुणाचा. मला फोन करून म्हणाली, "तू ते पवनारचं लिहून राह्यली नं, त्यायचं कसं चालते, इचारून सांग."

मी सांगितलं. सर्वसंमती. एकीचा जरी विरोध असला तरी निर्णय नाही, सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचं, बोलत राहायचं.

थोडा वेळ तिकडून काही आलं नाही. मग म्हणाली, "मंग त आमची पान्याची टाकीबी बसत नाई. मास्तरीन हाय ना त्याच्यात."

रविवारी चौघी पुन्हा बसणार आहेत. मास्तरीणबाईंनी नियमांचा कच्चा कागद आणायचा आहे, आणि मला त्यांनी चहाला बोलावलं आहे, मत द्यायचं नाही या अटीवर.